जालन्याकडून येणारी गाडी

झुंबरबाईनं दोन वर्षांत रेल्वेला जेवढ्या शिव्या दिल्या, तेवढ्या तिनं तीस वर्षांत नवऱ्याला दिल्या नव्हत्या. आणि त्रिंबक हा काही कमी शिव्या खाण्यासारखा नवरा नव्हता.

वाडी परतूरच्या अंगाला, रुळाला चिकटून. घरं रुळाच्या अलीकडे, रानं पलीकडे, मधे टेकाड फोडून केलेली खोदाई. खोदाईतून रूळ वळण घेऊन येतो, आणि जिथं तो बाहेर पडतो तिथंच वाडीची पायवाट त्याला ओलांडते. रेल्वेच्या कागदात या जागेला फाटक म्हणतात. फाटक म्हणून तिथं एक काडीसुद्धा नाही, माणूस तर नाहीच. आहे तो उतार, आणि उतारावर इंजिनाला जोर लावावा लागत नाही, त्यामुळं जालन्याकडून येणारी गाडी मांजराच्या पावलानं येते.

तशीच ती दोन वर्षांपूर्वी, सत्त्याण्णवच्या कापूस वेचणीत, भर दुपारी आली. झुंबरबाईची धाकटी जाऊ गोजरबाई डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन रूळ ओलांडत होती. गाठोडं दोन्ही कानांवर आलेलं. गाडीनं शिटी दिली नाही. दिली असती तर वेचणीच्या सगळ्या बायांनी ऐकली असती. नऊ जणी होत्या, एकीनंही ऐकली नाही.

पुढं चौकशी झाली आणि एक कागद आला. गोजर आणि झुंबरबाई दोघी जावा साक्षरतेच्या वर्गात बरोबरच बसल्या होत्या, पाटीवर अक्षरं गिरवता गिरवता एकमेकींना चिमटे काढत. वर्ग संपल्यावर सरकारी कागद असा अख्खा वाचायची वेळ झुंबरबाईवर पहिल्यांदा आली ती त्या दिवशी. 'मयत इसमाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे.' तिनं तो चार वेळा वाचला. शिकल्याचा हा पहिला उपयोग.

तेव्हापासून ती रोज सकाळी आणि दिवस कलताना, बाया जायच्या-यायच्या वेळेला, जुन्या लुगड्याचा तांबडा तुकडा काठीला बांधून रुळापाशी उभी राहायची. सून कौसल्या शेळ्या घेऊन पलीकडे जायची, तिच्या पोटात आता सहावा महिना. झुंबरबाई आधी रुळाला कान लावायची, मग हात करायची. आणि उभ्या उभ्या तिनं एक गोष्ट ताडली. परभणीकडून येणाऱ्या गाड्या लांबूनच बराबर शिटी देतात. जालन्याकडून येणाऱ्या देत नाहीत.

"परभनीकडचे डायवर मान्सं हायेत," ती घरी म्हणाली. "जालन्याकडचे समदे हरामखोर."

"अगं, डायवर तेच अस्तेत," त्रिंबक म्हणाला. "जाताना तेच, येताना तेच."

"मंग जाताना मानूस अन् येताना जनावर व्हत असंल."

त्रिंबक उठून शेळ्यांना पाला टाकायला गेला. बोलणं वाढवलं तर आपणही जनावरांत मोजले जाऊ, एवढं त्याला कळत होतं.

ती स्टेशनातही जाऊन आली. साहेबानं टेबलावरची जाड वही थोपटली. "बाई, मालगाडीला टाइम नसतो. अन् शिटीचं म्हणाल तर ते नियमानं वाजवतातच. आमच्या वहीत तसं आहे."

"तुमच्या वहीत वाजती," झुंबरबाई म्हणाली, "तर बायांनी वहीतूनच रूळ वलांडायचा का?"

शिपायानं तिला दार दाखवलं.

आणि मग एके दिवशी एक मालगाडी सिग्नलला अडकून खोदाईत तासभर उभी राहिली. शेवटचा डबा नेमका पायवाटेपाशी. झुंबरबाई काठी घेऊन निघाली. गार्ड हातात सापडला होता, दोन वर्षांचा साठा रिकामा करायचा होता. तेवढ्यात गार्डाच्या हातातला काळा डबा खरखरला आणि त्यातून माणूस बोलला. गार्डानं डबा तोंडाशी नेऊन उत्तर दिलं.

"कुनाला बोल्ले?" तिनं विचारलं.

"ड्रायव्हरला. पुढं, इंजिनावर."

"अन् त्यो ऐकतो?"

"ऐकतो म्हणजे? ऐकावंच लागतं."

झुंबरबाई शिव्या द्यायच्या विसरली. जगात असा एक डबा होता, ज्यात बोललं की जालन्याकडचा ड्रायव्हर ऐकत होता.

तिनं आष्टीच्या बाजारात एक बोकड विकला आणि कौसल्येला घेऊन जालन्याला गेली. एसटीनं. रेल्वेत पाय ठेवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, आणि रेल्वेला त्याचा पत्ता नसला तरी तिला होता.

गांधी चमनच्या मागं एका गल्लीत कारभारी नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान. पंचावन्नचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली, भोवती पोटं फाडलेले रेडिओ. झुंबरबाईनं काय हवं ते सांगितल्यावर त्यानं हातातली कैची खाली ठेवली.

"रेल्वेचं बोलणं? कशाला मावशी?"

"ऐकायचं. अन् बोलायचं."

"काय बोलायचं?"

"ते माझ्यापाशी हाय. तुमी डबा दाखवा."

त्यानं तीन वस्तू फळीवर मांडल्या. पहिला, लांब दांडीचा रेडिओ. सेलवर चालणारा, हलका. "हा फक्त ऐकतो. रेल्वेचं बोलणं मी ह्याच्यावर धरून देतो. सगळ्यांत सोपा." दुसरी, निळ्या रंगाची इवलीशी जोडी. "हे लग्नाच्या मंडपात नेतात. आचारी इकडं, वाढपी तिकडं. ह्याच्यावर रेल्वे येत नाही." झुंबरबाईनं जोडी न उचलताच बाजूला सारली. तिला भाजी वाढायची नव्हती.

तिसरा होता गार्डाच्या हातात पाहिला तसाच. काळा, विटेसारखा, बाजूला बटन. लिलावातून आलेला. झुंबरबाईनं तो बाजारात शेळीची पाट जोखतात तसा हातावर जोखला.

"ह्यो."

"मावशी, ह्याची बॅटरी चार्ज करावी लागते. तुमच्या वाडीत लाइट किती वेळ?"

"लाइटच्या मर्जीवर."

"मग सेलचा डबा जोडावा लागंल खाली. जड होईल. अन् खोदाईत उभं राहिलात तर काहीच ऐकू येणार नाही. वर टेकाडावर चढावं लागंल. स्टेशन किती लांब?"

"दीड कोस."

"स्टेशनचा आवाज पुसट येईल. गाडी जवळ आली की गार्ड-ड्रायव्हर साफ येतील. पण मी सांगतो, पहिला न्या. खर्चा कमी, झंझट नाही."

"पहिल्यावर बोलता येतं का?"

"नाही."

"मंग त्यो कशाला? निस्तं ऐकायचं ते तर आमी जलमभर करून राह्यलो."

कौसल्या पदराआड हसली. कारभारी हसला नाही. त्यानं तसलाच दुसरा डबा काढला, आणि रेल्वे ज्यावर बोलत नाही अशा चॅनलवर दोन्ही डबे लावले. "मी गल्लीच्या त्या टोकाला जातो. बटन दाबा अन् बोला. बघू तुमच्याकडून होतं का."

तो गेला. झुंबरबाईनं बटन दाबलं. दोन वर्षं रुळावर उभं राहून तिनं एक एक शिवी निवडून ठेवली होती. ड्रायव्हरच्या आईपासून त्याच्या होणाऱ्या नातवापर्यंत कुणी सुटलं नव्हतं. तिनं डबा तोंडाशी नेला. गल्लीतला एक सायकलवाला थांबून बघायला लागला.

"शिटी वाजवा की, दादा," ती म्हणाली. "बाया अस्तेत."

एवढंच. बटन सुटलं.

कारभारीनं परत येऊन चष्मा पुसला. मग त्यानं कैची उचलली. "मावशी, डबा देतो. पण बोलायची तार कापून देतो. बिनपरवाना ह्याच्यावर बोलणं गुन्हा आहे. खरं तर जवळ ठेवणंसुद्धा. ते जाऊ द्या. पण तुम्ही बटन दाबलं की तेवढा वेळ त्यांचं बोलणं दबतं. गार्ड म्हणत असंल, थांब, थांब, कुणीतरी आडवं आलंय, अन् ड्रायव्हरला ऐकू येतील तुमच्या शिव्या. मग?"

झुंबरबाई भडकली. हे असंच होतं. तोंड उघडायचं म्हटलं की कुणीतरी कैची घेऊन उभा. पण 'कुणीतरी आडवं आलंय' हे तिच्या कानात राहिलं.

"तार कापू नका," ती म्हणाली. "गोजरची आन घेते. बटन दाबनार न्हाई. पर माझ्या हातात असू द्या. बोलता येत असून न बोलनं येगळं, अन् तोंडच कापलेलं असनं येगळं."

कारभारीनं तिच्याकडे पाहिलं आणि कैची खिशात टाकली.

त्यानंतर रोज टेकाडावर तांबड्या कापडासोबत काळी वीटही उभी राहायला लागली. वाडीनं दोन दिवस थट्टा केली. "झुंबरबाई, जालन्याला भाव काय निघाला कापसाचा, इचारा की," अशी. मग लोकांना दिसलं की बाई गाडी यायच्या आधीच हात वर करते, आणि थट्टा थांबली. ऐकू यायचं ते फार काही नव्हतं. सिग्नल हिरवा. ऑल राइट. चहा मिळाला का. एका ड्रायव्हरची कंबर दुखत होती, एका गार्डाच्या मुलीचं लग्न ठरत नव्हतं. झुंबरबाईला याचाच राग यायचा. माणसांसारखी माणसं वाटत होती मेली, आणि तरी शिटी देत नव्हती.

बाराव्या दिवशी, सकाळी, जालन्याकडून मालगाडी येत होती. डब्यातून नवा आवाज आला, तरणा.

"गार्ड साब, ये कटिंगवाला फाटक किधर है? बोर्ड तो दिखता नहीं."

"इस तरफ का बोर्ड नहीं है."

"फिर सीटी किधर से दूँ?"

"याद आए तो दे दो." दोघं हसले. "उधर से आते टाइम देखा ना, पीला बोर्ड, सी-फा लिखा हुआ, सीटी-फाटक? बोर्ड हो तो हाथ अपने आप जाता है. इधर का लगा ही नहीं कभी."

झुंबरबाईचा अंगठा बटनावर होता. आण नसती तर तो दबलाच असता, कारण ते हसले होते. पण हसण्याच्या पुढचे शब्द आत शिरले आणि अंगठा आपोआप सुटला.

पिवळा. सी-फा.

पाच वर्षांपूर्वी ठेकेदारानं मोठी लाइन टाकली तेव्हा जुन्या लाइनीचा माल महिनोन्‌महिने रुळाकडेला पडून होता, आणि वाडीनं तो आपला मानला होता. लोखंडी स्लीपर उलटे केले की जनावरांना पाणी पाजायची डोणी तयार. कुणी खुंट्या केल्या, कुणी उंबरे. झुंबरबाई आणि गोजर यांनी एक जाड पत्रा आणला होता, त्याच्या लोखंडी खांबासकट. जुना नव्हता, कोरा करकरीत होता, पण पडलेल्या ढिगात पडलेला. दोघींनी तो डोक्यावर वाहिला. पुढं गोजर, मागं झुंबरबाई. गोजर मधेच थांबायची आणि हसत सुटायची, म्हणायची, "बाई, आपली वरातच निघाली की." खांब शेळ्यांच्या कोठ्याच्या छपराला लागला. पत्र्याचं दार झालं, पिवळी बाजू आत, शेळ्यांकडे. पुढं अक्षरं शिकल्यावर गोजर कोठ्यात बसून ती वाचायची. "सी झालं, फा झालं. पुढं काईच न्हाई. अर्धवटच सोडलंय मेल्यांनी." आणि बाहेरच्या कोऱ्या पत्र्यावर तिनं खिळ्यानं स्वतःचं नाव खरवडलं होतं. 'गोजरबाई'. 'ज'चं पोट जरा मोठं.

गाडी खालून निघून गेली. शिटीशिवाय. झुंबरबाई टेकाडावर खाली बसली. दोन वर्षं जे सगळं तिनं ड्रायव्हरवर फेकलं होतं, ते आता परत आलं आणि त्याला उतरायला जागा नव्हती.

मग ती उठली आणि सरळ घरी आली.

"दार काढा," ती त्रिंबकला म्हणाली.

"कोंचं?"

"कोठ्याचं. अन् खांब."

"अगं, छप्पर बसंल खाली. शेळ्या कुठं ठिवायच्या?"

"तुमच्या डोस्क्यावर ठिवा. काढा म्हन्ते ना!"

त्यानं काढलं. एका बाजूचं छप्पर बसलंच. पत्रा उन्हात उलटा झाला. पिवळ्या रंगावर शेळ्यांनी अंग घासघासून पट्टे पडले होते, पण अक्षरं शाबूत होती. झुंबरबाईनं त्याला काही न सांगता हाताला धरून रुळावर नेलं, फाटकापासून परभणीच्या दिशेनं चालवत, थेट त्या बाजूच्या बोर्डासमोर. पिवळा. काळी अक्षरं. सी-फा. येताना तिनं वाटेतले तारेचे खांब मोजले होते. अकरा.

त्रिंबक खडीवर बसला. "कोठ्यात खांब मीच रोवला गं," तो म्हणाला.

"तुमी रोवला, आमी आन्ला, अन् त्या ठेकेदारानं न रोवताच टाकून देल्ता. कुनाकुनाला फाशी देता? उठा."

जालन्याच्या बाजूला अकरा खांब मोजले. तिथं, गवतात, अर्धवट खणून सोडलेला एक खड्डा होता. पाच वर्षं तो वाट बघत होता. त्रिंबकनं पहार घातली. कौसल्या सहाव्या महिन्यात पाणी घेऊन आली. तिला परत जा म्हणून ओरडल्यावर दहा पावलं मागं गेली आणि तिथंच उभी राहिली.

खांब उभा होईतो कीमन बद्रीनाथ आला. खांद्यावर हातोडा, हातात गुंडाळलेली झेंडी. रोज रूळ चालत तपासायचा हे त्याचं काम.

"ओ मावशी! रेल्वेच्या हद्दीत काय करून राह्यले? गुन्हा हाय ह्यो."

"ये बाबा. तुझीच कमी व्हती. रोज हितून चालतो ना तू?"

"चालतो ना."

"मंग हितला बोर्ड कुठं हाय ते दिसलं न्हाई?"

बद्रीनाथनं झेंडी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "मी दोनदा लिहून देल्तं, बोर्ड न्हाई म्हनून."

"कुनाला?"

"वर."

"वर कुठं? आभाळात?" झुंबरबाईचा आवाज खोदाईत घुमला. "तू लिहिलं अन् झोपला. त्या सायबाच्या वहीत बोर्ड हाय म्हनून त्यो झोपला. ठेकेदारानं बिल उचललं अन् त्यो झोपला. अन् निष्काळजी कोन? तर माझी गोजर! डोस्क्यावर कापूस घिऊन चाल्ली म्हनून!"

बद्रीनाथ पत्र्याकडे बघत होता. "पर ह्यो सापडला कुठं?"

त्रिंबकनं तोंड उघडलं. झुंबरबाईनं त्याला हातानं मागं सारलं.

"माझ्या शेळ्याच्या कोठ्याला व्हता. मी न्हेला. लिही. झुंबरबाईनं न्हेला असं लिही, म्या सही करते, मला येती. पर मंग समद्याईचं लिही. ठेकेदाराचं, सायबाचं, तुझं. माझं पयलं लिही, मला चालतंय. आन् गोजरचं तेवढं खोड."

"येकटीनं न्हेला?" त्यानं खांबाला हात लावला. दोन गड्यांना उचलावा लागेल असं ते लोखंड होतं.

"येकटीनं."

बद्रीनाथनं पत्र्याची मागची बाजू पाहिली. खिळ्यानं खरवडलेलं नाव त्यानं वाचलं. वाचायला त्याला जेवढा वेळ लागायला हवा होता त्याहून जास्त लागला. मग हातोडा खाली ठेवून त्यानं त्रिंबकच्या हातातली पहार घेतली आणि खांबाभोवती खडी ठासायला लागला. नीट, कसब असलेल्या हातांनी. खांब सरळ आहे का ते त्यानं एक डोळा मिटून पाहिलं.

"मागून रंग मारावा लागंल," तो पहार टेकवत हळूच म्हणाला. "सायब बघंल. खरडलेलं दिसतंय."

"हात लावून बघ," झुंबरबाई म्हणाली.

त्यानं हात लावला नाही.

दुपारची मालगाडी जालन्याकडून निघाल्याचं डब्यात पुसट आलं. झुंबरबाई टेकाडावर चढली. खाली कोठ्यातून सुटलेल्या शेळ्या साऱ्या वाडीत पांगल्या होत्या, आणि शेजारच्या मालनबाईच्या अंगणातून ओरडा ऐकू येत होता. पायवाटेवर कौसल्या थांबली होती, पोटावर हात ठेवून, सासूच्या हाताकडे बघत.

वळणापलीकडून शिटी आली. लांब. खोदाईच्या दोन्ही भिंती थरथरवणारी, एवढी लांब की संपते की नाही असं वाटावं.

डबा खरखरला. "अरे साब, बोर्ड लग गया इधर."

"हाँ? कब लगा?"

"पता नहीं. बकरी के बाल चिपके हैं उसपे, शायद." आणि हे दोघंही हसले.

"हसा," झुंबरबाई म्हणाली. अंगठा बटनापासून वीतभर लांब होता. "हसा मेल्यांनो. आता वाजवायला हात मोकळा हाय. दोन वर्सं काय झाल्तं?"

गाडी खालून धडधडत गेली. शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत ती बोलत राहिली, एक एक निवडून, आईपासून नातवापर्यंत, कुणालाही न सोडता. बटन न दाबता. गोजरची आण होती.

मग तिनं कौसल्येला हात केला, ये म्हणून.